पाणी : दान की देणे?

गेल्या उन्हाळ्यात मंडळीच्या कामानिमित्त एका खेडेगावी चार दिवस राहण्याचा योग आला. गावच्या पूर्वेस आपल्या लोकांची तीसेक घरांची वस्ती आहे. वस्तीच्या कडेस तेथील लोकांनी वर्गणी जमवून एक बोअर घेतली असून तिजवर हापसा बसविला आहे. वैशाखात गावची सार्वजनिक विहीर आटली, नळ कोरडे पडले, आणि टँकर दिवसाआड येऊ लागला. अशा वेळी ओढ्यापलीकडे पाले ठोकून राहिलेल्या काही भटक्या कुटुंबांतील बाया घागरी घेऊन त्या हापशावर आल्या. वस्तीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांस थांबविले व म्हटले, "बायांनो, हा हापसा आमच्या वर्गणीचा आहे. आमचे भरून झाल्यावर उरले तर खुशाल न्या." बाया निमूटपणे बाजूस उन्हात बसून राहिल्या. दुपार टळेपर्यंत त्यांची पाळी आली नाही.

सायंकाळी तेच गृहस्थ मजजवळ येऊन बसले. त्यांचे मन स्वस्थ नव्हते. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मी काही अन्याय केला काय? मी त्यांना नाही म्हटले नाही. उरले तर न्या असे म्हटले. दान करणाराही आधी आपल्या लेकराबाळांचे पाहतोच की नाही?" मी म्हणालो, "काका, विचार करून सांगतो." खरे सांगावयाचे तर त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. पुढे त्या प्रश्नाने माझा पिच्छा पुरविला. तोच प्रश्न आज वाचकांपुढे ठेवतो, कारण तो एका वस्तीचा वा एका हापशाचा प्रश्न नाही.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानात घेऊ. दान म्हणजे जे दिले तर पुण्य, न दिले तर दोष नाही. दानात देणारा धनी असतो. केव्हा द्यावे, किती द्यावे, कोणास द्यावे हे त्याच्या मर्जीवर असते, आणि घेणाऱ्याने हात पुढे करून आभार मानावयाचे असतात. देणे म्हणजे ऋण. ते दिल्याने कोणी पुण्यवान ठरत नाही, पण न दिल्याने मात्र अपराधी ठरतो. ज्याचे देणे आहे तो मागण्यास आला तर तो भिकारी नसतो, धनको असतो. आता पाहा, पाणी हे दान असेल तर काकांचे बोलणे सौम्य व उदारपणाचे होते. पण पाणी हे देणे असेल, तर "उरले तर न्या" हे बोलणे, सावकारास "घरखर्च भागून उरले तर तुझे फेडीन" असे सांगण्यासारखे होते. म्हणून सारा निर्णय ह्या एकाच प्रश्नावर अवलंबून आहे.

मनुष्याने मनुष्यास देणे लागावे अशी वस्तू कोणती? माझ्या मते तिची तीन लक्षणे आहेत. जिच्यावाचून जीव राहत नाही, जी धरून बसणाराने स्वतः निर्माण केलेली नाही, आणि जी मागणाऱ्यास अन्यत्र मिळण्याजोगी नाही, ती वस्तू अडविण्याचा हक्क कोणासही नाही. पहिले लक्षण पाण्यास लागू पडते हे सांगणे नको. तिसरेही त्या दिवशी उघड होते, कारण दुसरे पाणी तीन मैलांत नव्हते. दुसऱ्या लक्षणाविषयी मात्र पुष्कळांचा घोटाळा होतो. "बोअर आम्ही घेतली, म्हणून पाणी आमचे," असे लोक समजतात. पण बोअर म्हणजे केवळ भोक होय. आपल्या देशावरच्या काळ्या पाषाणाखाली पाण्याचे कोणाच्या नावाचे वेगळे रांजण पुरलेले नाहीत. पाऊस साऱ्या शिवारावर पडतो, मुरूम व खडकाच्या भेगांतून झिरपत खाली जातो, आणि ज्याचे भोक जेथे पडेल तेथून वर येतो. ज्या ओढ्याकाठी ती पाले होती तेथले पाणीही त्याच भेगांत उतरत असेल. यास्तव वर्गणीने विकत घेतला तो पाइप, दांडा व हापसा. त्यांच्या दुरुस्तीचा वाटा नव्या येणाऱ्यांकडून मागणे योग्य होईल. पण पाण्यावर मालकी सांगणे योग्य होणार नाही.

आपल्या लोकांस हे कळावयास वास्तविक युक्तिवादाची गरज नसावी. आपल्यापैकी बहुतेकांच्या पणज्यांनी गावच्या विहिरीपासून दूर उभे राहून, कोणी वरून ओंजळीत वा घागरीत ओतील ह्या आशेने तासन् तास वाट पाहिली आहे. शोमरोनातील विहिरीवर तहानलेल्या वाटसरूने तुच्छ मानलेल्या लोकांतील एका बाईजवळ पाणी मागितले, ही कथा आपल्या वाडवडिलांच्या काळजास का भिडली, ते त्यांची पाठ ज्या विहिरीकडे वळविली गेली तिला विचारावे. १८६८ साली पुण्यात जोतीराव फुले ह्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. त्या काळी तसे करणे फार धैर्याचे होते. तथापि तो हौद त्यांचा स्वतःचा होता आणि तेथे एका उदार पुरुषाने आपले दार उघडले. साऱ्या गावाची दारे उघडावयाची तर एका पुरुषाचे औदार्य पुरत नाही, कायदा लागतो.

तो कायदा कसा आला हे पाहण्याजोगे आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले ह्यांनी असा ठराव मांडला की, सरकारी वा सार्वजनिक पैशाने बांधलेल्या व राखलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस वापरू द्यावे. तो ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून आपले चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे ठरविले. मग तीन वर्षे काय झाले? काही नाही. ठराव कागदावर राहिला आणि तळ्याकाठी पूर्वीचीच भीती राहिली. जनावरे त्या तळ्यावर पाणी पीत, पण ज्यांच्यासाठी ठराव झाला होता त्यांपैकी कोणी पायरी उतरेना. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्यामागून लोक रांगेने तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले. त्याबद्दल त्यांस मार खावा लागला, तळ्याची पंचगव्याने शुद्धी करण्यात आली, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. पुढे दावा चालला. १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने सत्याग्रह्यांच्या बाजूने निकाल दिला, तोवर दहा वर्षे उलटली होती. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने मात्र १५व्या कलमात विहिरी, तळी व स्नानाचे घाट ह्यांचा स्पष्ट उल्लेख करून, सार्वजनिक पाणवठ्यावर जात, धर्म वा जन्मस्थान ह्यांवरून कोणास अडविता येणार नाही असे ठरविले. १९५५च्या कायद्याने असे अडविणे हा गुन्हा ठरला.

ह्या इतिहासात दोन्ही बाजूंच्या लोकांस बोध आहे. "कायदा झाला म्हणजे काम झाले," असे मानणारांनी ती तीन कोरडी वर्षे आठवावी. "कायद्याने काय होते, मन पालटले पाहिजे," असे म्हणणारांनी हे आठवावे की, कायद्याचा आधार नसता तर ती रांग केवळ दंगा ठरली असती. मन पालटले पाहिजे हे मी नाकारीत नाही. पण तहानलेले लेकरू दुसऱ्याचे मन पालटेपर्यंत थांबू शकत नाही. कायदा हृदयास हात घालीत नाही, तो अडविणाऱ्या हातास धरतो. आणि अनुभव असा आहे की, एका हापशावर दहा वर्षे पाळीने पाणी भरल्यावर पुष्कळांच्या मनातील विटाळ आपोआप धुऊन जातो.

आता दुसरा आक्षेप घेऊ. पुष्कळ पंच व अधिकारी म्हणतात, "देणे आहे हे मान्य, परंतु पैसा कोठे आहे?" ह्याचे उत्तर आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिले आहे. मध्य प्रदेशातील रतलाम शहराच्या एका भागात गटारे उघडी वाहत होती आणि शौचकूप नसल्यामुळे लोक रस्त्याकडेस बसत. तेथील रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद नेली. नगरपालिकेने सांगितले की, आमच्यापाशी पैसा नाही. प्रकरण वरपर्यंत गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी असा निकाल दिला की, लोकांच्या आरोग्याचे कर्तव्य कायद्याने ज्यांवर टाकले आहे त्यांस पैशाच्या तुटीची सबब चालणार नाही, कामे मुदतीत करावीच लागतील. हा निकाल कठोर वाटेल. पण विचार करा, "पैसा नाही" ह्या शब्दांचा अर्थ बहुधा काय असतो? तिजोरी अगदी रिकामी असते असे नाही. ह्या माणसाची गरज यादीत शेवटी लिहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. आधी वेस व कमान, मग सभागृह, मग रस्त्यावरचे दिवे, आणि उरले तर पाणी व गटार. वाचकहो, हापशावरचे "उरले तर न्या" आणि पंचायतीतले "उरले तर करू" ही एकाच आईची लेकरे आहेत.

लंडन शहराची गोष्टही येथे सांगण्याजोगी आहे. १८५४ साली तेथील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीने शेकडो माणसे मेली. डॉ. जॉन स्नो ह्यांनी घरोघर चौकशी करून दाखविले की, ही मरी एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरली. तरी सरकार जागे झाले नाही. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीतील मैल्याची दुर्गंधी थेट पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली, तेव्हा मात्र थोड्याच दिवसांत कायदा संमत झाला व पैसाही मिळाला. जोसेफ बॅझलगेट ह्या इंजिनियराने शहराखालून मोठमोठे गटारमार्ग बांधले. पण १८६६ साली पटकी पुन्हा आली, ती शहराच्या पूर्वेकडील गरिबांच्या वस्तीत, कारण तेथले काम अद्याप पुरे झाले नव्हते.

ह्यावरून कोणी म्हणतात, "गरिबास स्वच्छ पाणी देणे श्रीमंताच्याच हिताचे आहे, कारण रोगराई भिंत ओळखीत नाही." हे खरे आहे, आणि पुष्कळदा उपयोगीही पडते. परंतु आपल्या कर्तव्याचा पाया एवढाच असेल तर तो भुसभुशीत आहे. ज्या डोंगरपाड्याची घाण कोणा शहराकडे वाहत नाही, ज्याची दुर्गंधी कोणाच्या खिडकीत शिरत नाही, त्या पाड्याचे काय? स्वार्थाच्या हिशेबात त्याचे नाव येत नाही. ते नाव येते ते केवळ देण्याच्या हिशेबात. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पाणी व स्वच्छतेची सोय हा मनुष्यमात्राचा हक्क असल्याचे मान्य केले. १२२ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, ४१ तटस्थ राहिली, विरोधात एकही गेले नाही. हक्क ह्या शब्दाने त्या पाड्याचे नाव यादीत आले. आता ते किती वर चढते हे पैसा कोठे खर्च होतो त्यावरून कळेल.

पैसा आपल्या देशात खर्च झाला आहे, हे कबूल केले पाहिजे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनाची घोषणा झाली, तेव्हा खेड्यांतील केवळ सव्वातीन कोटींच्या सुमारास घरांत नळ होता. २०२५ पर्यंत ही संख्या पंधरा कोटींच्या वर गेली. माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्या योजनेचे माप आहे. हे लहान काम नव्हे. ज्या सुनेच्या डोक्यावरून दिवसाच्या चार खेपा उतरल्या तिला विचारा. पण नळ बसणे वेगळे आणि नळास पाणी येणे वेगळे. कित्येक गावी टाकी उभी आहे, नळ चकचकीत आहेत, आणि विजेचे बिल थकल्यामुळे पंप बंद आहे.

ह्या बाबतीत आपल्याच मुलखातील एक उदाहरण आठवते. पूर्वी खेड्यांत ओतीव लोखंडाचे हातपंप बसवीत. ते मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले असत, म्हणून शंभर घरांच्या हाताखाली लवकरच मोडत. जालन्याच्या मिशनातील कार्यकर्त्यांनी व सोलापुरातील कारागिरांनी पोलादाचे अधिक दणकट पंप तयार केले. सोलापुरी पंपाच्या घडणीवरूनच १९७०च्या दशकात 'इंडिया मार्क २' हा हापसा निघाला, आणि तो पुढे देशोदेशी गेला. ज्या हापशावर त्या बाया उभ्या होत्या तो त्याच जातीचा होता. पण कितीही दणकट हापसा असला तरी वॉशर झिजतो व साखळी तुटते. बांधण्याचा खर्च एकदाच येतो, राखण्याचा खर्च दर महिन्यास येतो. म्हणून देणे हे दोन्ही बाजूंस लागते. सरकारने पाणी आणणे हे त्याचे देणे आहे, आणि ज्यास ऐपत आहे त्याने पाणीपट्टी वेळेवर भरणे हे आपले देणे आहे. ज्याची ऐपत नाही त्याचा भार इतरांनी ऐपतीप्रमाणे वाटून घ्यावा. पाणीपट्टी बुडवून पाण्याचा हक्क सांगणारा मनुष्य शेजाऱ्याच्या घागरीतलेच पाणी सांडतो.

शौचालयाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पुष्कळांस हा विषय ओंगळ वाटतो, पण ज्यास तो विषय ओंगळ वाटतो त्याचीच घाण दुसरा कोणी उचलीत असतो. डोक्यावरून मैला वाहण्याची चाल १९९३च्या व पुन्हा २०१३च्या कायद्याने बंद केली. तरी गटारांत व टाक्यांत उतरलेली माणसे विषारी वायूने गुदमरून मरतात. त्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती तीस लाख केली. पण भरपाईने बाप परत येत नाही. म्हणून घर बांधताना विचार करावा. मोठी बंद सेप्टिक टाकी बांधली तर ती कधी तरी भरेल, आणि उपसण्याची पाळी कोणा गरिबाच्या मुलावर येईल. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय स्वस्तही पडते आणि निर्दोषही असते. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करावा. बंद केलेल्या खड्ड्यातील मळ दीड-दोन वर्षांत मातीसारखा कोरडा होऊन खत बनतो. खड्डे विहिरीपासून व हापशापासून पुरेसे दूर मात्र असले पाहिजेत. पैसा कशावर खर्चावा हा केवळ मिस्त्रीचा प्रश्न नव्हे, तो सदसद्विवेकाचाही आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे परत येतो. "आमच्या वर्गणीचे, म्हणून आमचे" हे तत्त्व आपण एकदा मान्य केले की ते आपल्याच हाती राहत नाही. १८८२च्या जुन्या कायद्याने जमिनीच्या धन्यास आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याची मोकळीक दिली आहे. त्याच मोकळिकीच्या बळावर उद्या शेजारचा बागाईतदार आठशे फूट बोअर घेऊन उसास पाणी देईल, आणि आपला हापसा कोरडा पडेल. आपण तक्रार केली तर तो म्हणेल, "माझा पैसा, माझी बोअर, माझे पाणी. उरले तर न्या." त्या वेळी आपण कोणत्या तोंडाने बोलणार? महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९९३ साली कायदा केला, तो हेच ओळखून केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास त्याने बंधन घातले, आणि २००९ साली भूजलाविषयी अधिक व्यापक कायदा केला. ह्या कायद्यांचे मर्म एवढेच की, पिण्याच्या पाण्यापुढे मालकीने मागे सरावे. जो नियम बागाईतदाराविरुद्ध आपणांस हवा आहे, तोच नियम पालांतील बायांच्या बाजूने आपल्याविरुद्ध लागू होतो. दुबळ्याविरुद्ध वापरलेले माप आपणाहून बळकट मनुष्य आपल्याविरुद्ध वापरतो, हे विसरू नये.

तेव्हा काका, माझे उत्तर असे आहे. टंचाईच्या दिवसांत हापशावर एकच रांग असावी, आणि जो आधी येईल त्याची पाळी आधी असावी. पाणी थोडे असेल तर माणशी माप ठरवावे, आणि ते माप वस्तीस व पालास सारखे असावे. पिण्याचे व स्वयंपाकाचे सर्वांचे झाल्याखेरीज कोणी धुण्यास वा गुरांस नेऊ नये. दुरुस्तीच्या पेटीत पालांतील कुटुंबांनीही जमेल तेवढे टाकावे, म्हणजे त्यांस ताठ मानेने पाणी भरता येईल. आणि एवढ्यावर न थांबता आपल्या वस्तीतील दोन-चार स्त्रीपुरुषांनी ग्रामसभेत उठून विचारावे की, ओढ्यापलीकडे नळ केव्हा नेणार, विहिरीत टीसीएल नियमाने पडते काय, आणि पाणीपुरवठा समितीत ज्या निम्म्या स्त्रिया असावयास पाहिजेत त्या खरोखर बैठकीस येतात की त्यांच्या सह्या घरी नेऊन घेतल्या जातात. आपल्या पणज्यांसाठी कोणी तरी असेच उठून विचारले होते.

मी हे पत्राने कळविण्याच्या आत पाऊस लागला. पाले उठली, ती कुटुंबे घागरी बांधून पुढच्या गावी गेली, आणि कदाचित ती त्या वाटेने पुन्हा येणारही नाहीत. काकांनी मला निरोप पाठविला की, हापशाजवळ बसावयास एक कट्टा व सावलीसाठी छप्पर करणार आहोत. फार चांगले आहे. पण त्या दुपारी उन्हात बसलेल्या बायांचे देणे त्याने फिटत नाही, हे काकांसही ठाऊक आहे. ते आता त्यांच्या जागी जे कोणी येतील त्यांनाच फेडावयाचे आहे. वैशाख दर वर्षी येतो.